चिमणी म्हैस आणि वागणुकीचे नियम

आमच्या घरात माणूस जवळचा झाला की त्याची बढती शिवीनं होत असे. आण्णा, म्हणजे माझे वडील, अनोळखी माणसाशी 'आपण' म्हणून बोलत. ओळख वाढली की 'तुम्ही'. आणि एखादा खरोखर मनात भरला की एकदम 'तू', आणि पुढं टोणगा, भोपळा, बिनडोक्याचा यांपैकी त्या दिवशी तोंडाला येईल ते. आत्याच्या यजमानांना ते अखेरपर्यंत 'आपण' म्हणाले, त्यावरून काय ते समजा. मी त्यांची एकुलती एक, म्हणजे सर्वांत वरच्या हुद्द्यावर. माझ्यासाठी एक वाक्य कायमचं राखून ठेवलेलं होतं. गणित चुकलं, चहात साखर जास्त पडली, सायकल कुठंतरी धडकवून आणली, की आण्णा मान हलवत म्हणायचे, "वैजू, तुला काय ह्ये जमायचं न्हाई. जा, म्हशी वळ जा!" मी ते वाक्य इतकं ऐकलं होतं की हायवेवरच्या ट्रकांसारखं ते मला ऐकू येईनासं झालं होतं.

हायवे आमच्या घराच्या पुढच्या अंगाला होता आणि ऊस मागच्या. उंब्रजला राहणाऱ्याला शांतता म्हणजे काय ते माहीत नसतं. पुढच्या दारातून हॉर्न, मागच्या दारातून उसाच्या पात्यांची सळसळ, आणि दोन्हींच्या मधे आईच्या भाकरीची थापथाप. पहाटे उठून ती चुलीवर भाकऱ्या करायची. गॅस होता, पण गॅसवरची भाकरी तिला आजारी माणसाची वाटायची. सोबत खर्डा, कांद्याची पात, थंडीत कुळथाचं माडगं. ते माडगं पितळीतून भुरके मारत प्यायचं असा आण्णांचा दंडक होता, आवाज आला नाही तर त्यांना वाटायचं की मला आवडलं नाही. गोठ्यात एकच म्हैस. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून तिचं नाव चिमणी ठेवलेलं, आणि पुढं ती गोठ्याच्या दारात मावेना इतकी वाढली तरी ते नाव कुणी बदललं नाही. दुपारची आवराआवर झाली की आई काठी घेऊन तिला ओढ्याकडं न्यायची आणि उन्हं कलल्यावर परत आणायची. दोघींची चाल हळूहळू एकसारखी झाली होती.

आण्णा फौजेत सिग्नलला होते. तारा, रेडिओ, संदेश पोचवणं यात त्यांचं आयुष्य गेलेलं. रिटायर होऊन आले तेव्हा पहिले काही महिने त्यांनी घराला शिस्त लावायचा प्रयत्न केला. चपला उंचीप्रमाणे ठेवून झाल्या, डबे रांगेत लावून झाले, आणि मग लावायला काही उरलं नाही. सुभेदारसाहेब अंगणातल्या खाटेवर बसून हायवेकडं बघत राहू लागले. आई मला हळूच म्हणायची, "वैजू, ह्यांच्या हाताला काय तरी काम बघ गं. न्हाईतर ह्ये चिमनीला बी सलाम ठोकाय लावतील."

ते काम माझ्याच हातून लागलं. कॉलेज संपल्यावर मी कुपवाडला रियाजभाईंच्या लहानशा कारखान्यात नोकरीला होते. ते शेतातल्या मोटारींचे स्टार्टर आणि त्यांच्या पेट्या बनवत. आमच्याकडं एका विहिरीवर चारपाच घरांची भावकी असते. कुणाची पाण्याची पाळी कधी, यावरून डोकी फुटतात, आणि वीज येते तेव्हा मोटर चालू करायला नेमकं कुणी रानात नसतं. मी एक प्रोग्रॅम लिहिला. तो पाळ्या लक्षात ठेवायचा आणि ज्याची पाळी त्याच्या फोनवरून मोटर चालू करू द्यायचा. पूर्वी कालव्याचं पाणी वाटून देणाऱ्याला पाटकरी म्हणत, म्हणून प्रोग्रॅमचं नाव 'पाटकरी' ठेवलं. रियाजभाईंना मी म्हटलं, हा विकायचा नाही, उघडा ठेवायचा. कुणीही घ्यावा, आत काय लिहिलंय ते वाचावं, बदलावं, आणि बदल चांगला असेल तर आमच्याकडं पाठवावा. बाकीच्यांनी तो तपासावा आणि मग सर्वांसाठी आत घ्यावा. रियाजभाई म्हणाले, "म्हंजे ताई, गावजेवणच की. ज्यानं त्यानं शिधा आनायचा, आन् सगळ्यांनी जेवायचं." याहून सोपं करून मला आजतागायत कुणाला सांगता आलेलं नाही.

पुढं मी घरूनच काम करू लागले आणि आण्णा माझ्या पाठीमागं येऊन उभे राहू लागले. आधी नुसते बघायचे, मग विचारू लागले, मग कानावर पेन्सिल अडकवून शिकायलाच बसले. वर्ष-दीड वर्षात ते 'पाटकरी'चे सगळ्यात कडक तपासनीस झाले. कुणी कुठूनही बदल पाठवो, आण्णा तो ओळीओळीनं वाचायचे आणि चुका धरायचे. नवख्याला 'रामराम. आपले काम पाहिले' अशी सुरुवात. त्या माणसाचं काम आवडू लागलं की रीतीप्रमाणे बढती. कुपवाडचा एक पोरगा तर 'आज आण्णांनी मला भोपळा म्हटलं' म्हणून मित्रांना चहा पाजून आला होता. खाटेवरचा तो हायवेकडं बघणारा माणूस पुन्हा माणसांत आला होता, आणि आईचा जीव भांड्यात पडला होता.

अशात नॉर्वेहून इंग्रिड नावाच्या बाई इंटरनेटवरून 'पाटकरी'त आल्या. त्यांच्या गावात सफरचंदांच्या बागांना एकाच तळ्यातून पाणी मिळे आणि त्यावरून शेजाऱ्यांत अबोले होते. तिकडंही पाण्यावरून भांडतात हे ऐकून आण्णांना फार बरं वाटलं. बाई कामाला चोख. पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, तुमचे वागणुकीचे नियम कुठे आहेत? आम्ही एकमेकांकडं बघितलं. वागणूक माणूस घरून घेऊन येतो अशी आमची समजूत होती. मग एका दुसऱ्या प्रकल्पाची नियमावली आधाराला घेऊन मी ती इंग्रजीत आणि मराठीत लिहिली आणि स्वयंपाकघरात वाचून दाखवली. नव्या माणसाशी नीट वागा. चूक कामाची काढा, माणसाची नको. कुणाच्या जातीवरून, धर्मावरून, बोलण्यावरून, दिसण्यावरून टोमणे मारू नका. तक्रार आली तर ती गुप्त ठेवा. आई परातीतलं पीठ मळत म्हणाली, "एवढं सगळं लिवून ठिवाय लागतंय व्हय?" आण्णा मात्र ताडकन म्हणाले, "लागतंय. शिस्त पायजेच. लय ब्येस केलंस." नियमांचं एवढं मनापासून स्वागत दुसऱ्या कुणी केलं नाही. तक्रारी बघणाऱ्या समितीवर आपल्याला घेतील अशी त्यांची खात्री होती. समितीवर गेलो आम्ही तिघं, इंग्रिडबाई, रियाजभाई आणि मी, आणि त्यावर आण्णा दोन दिवस माडगं आवाज न करता प्यायले.

आता बिरूविषयी सांगितलं पाहिजे. बिरूदेव आटपाडीचा. डाळिंबाची थोडी बाग, बाकी माळरान, आणि तो घरी बसून कॉम्प्युटरवर कामं करायचा. त्याच्याकडं फोनला रेंज यायची आणि जायची, आणि रेंज गेली की 'पाटकरी' पाळ्या विसरायचा. आमच्या नदीकाठच्या लोकांना ही अडचण कधी सुचलीच नव्हती. बिरूनं त्यावर उपाय लिहायला घेतला होता, पेटीनंच पाळी लक्षात ठेवायची, फोन असो वा नसो. तो फार कमी बोलायचा, पण लिहायचा असा नेटका की आण्णा त्याची पानं मला वाचून दाखवायचे. "बघ, ह्येला म्हनत्यात काम." 'आपण'वरून 'तुम्ही'वर तो भराभर आला होता, आणि बढती जवळ आल्याचं मला दिसत होतं.

ती एका सोमवारी झाली. बिरूच्या लिखाणात एक चूक निघाली. वीज जाऊन परत आली तर दोन भावांच्या मोटारी एकदम चालू व्हायच्या. तार जळाली असती, मोटारी जळाल्या असत्या, भाऊ तर आधीच जळत होते. आण्णांनी ती बरोबर पकडली आणि सर्वांना दिसेल अशा जागी, मोठ्या प्रेमानं, लिहिलं, 'बिरू, गड्या, दोन मोटारी एकदम? तुला ह्ये जमायचं न्हाई. जा, मेंढरं राख जा आपली!' माझ्यासाठीच्या वाक्यात त्यांनी आटपाडीच्या माळाचा विचार करून जनावर तेवढं बदललं होतं. त्या वाक्याखाली बघता बघता हसणाऱ्या चेहऱ्यांच्या चित्रांची रांग लागली. आण्णांना ओळखणाऱ्या सगळ्यांना बिरूला बढती मिळाल्याचं कळलं होतं. बिरूला तेवढं कळलं नव्हतं, आणि कळायचं कारणही नव्हतं.

दोन दिवसांनी समितीकडं तक्रार आली. ती मला अजून पाठ आहे, कारण त्यात एकही मोठा शब्द नव्हता. 'माझे आजोबा मेंढरं राखायचे. वडील राखतात. दिवाळीनंतर कळप चाऱ्यासाठी खाली निघतो तेव्हा मीही जातो. हे वाक्य मला शाळेत दर वर्षी कुणी ना कुणी ऐकवलं आहे, आणि ऐकवणाऱ्याला माझं घर माहीत असायचं. आण्णांना ते माहीत होतं का, मला माहीत नाही. हसणाऱ्यांना होतं का, तेही माहीत नाही. चूक माझी आहे, ती मी दुरुस्त करीन. पण इथं परत यावं की नाही, हे कळेना झालंय.'

मी वाचलं आणि आधी मला आण्णांचा राग आला, मग त्यांची कीव आली, आणि मग एकदम भीती वाटली. या उघड्या गावजेवणातून त्यांना उठवलं, तर खाट होतीच अंगणात, आणि हायवेही. पण बिरू उठून गेला तर आपण कसलं गावजेवण घालतोय? मी बाकीच्या दोघांना कळवलं की हे माझे वडील आहेत, मी यात बसणार नाही, तुम्ही दोघं ठरवा. रियाजभाईंचा फोन आला. "म्हाईत हाय ताई. तुमच्या आण्णांचं लिवलेलं वाचलं तरी आवाज कानात येतोय. तुमी बाजूला बसा. आन् घरात काय बोलू नका, व्हय?"

घरात न बोलणं म्हणजे काय हे ज्यानं आमचं घर पाहिलेलं नाही त्याला कळणार नाही. पाट मांडले की आण्णांचा बिरू सुरू. "वैजू, आटपाडीचं पोरगं कुठं गडप झालं गं? दिसंना कुठं." मी भाकरीचा तुकडा चावत राहायची. "आजारी-बिजारी हाय का, फोन करून बघ की. त्येला म्हनावं, घाबरू नगंस, दुरुस्ती सोपी हाय, मी सांगतो." मी खर्डा झोंबल्याचं निमित्त करून पाणी प्यायला उठायची. तिसऱ्या वेळी उठले तेव्हा आई म्हणाली, "ह्या खर्ड्यात मिरची कमी हाय म्हनून ह्येंनी मगाशी तक्रार क्येली. तुला कुठनं झोंबतुया?" माझ्या आईपासून चोरी लपवणं कुणालाच जमलं नाही. पण तिनं पुढं विचारलं नाही.

निकाल आला तो आण्णांच्याच फोनवर, सकाळच्या चहाला. रियाजभाईंनी मराठीत लिहिला होता, अगदी अदबीनं. आण्णांचं ते वाक्य काढून टाकलं आहे आणि, बिरूच्या संमतीनं, का काढलं ते तिथं लिहिलं आहे. हसलेल्यांनाही समज दिली आहे. आण्णांनी तीन महिने वाचावं पण काही लिहू नये. बिरूशी परस्पर बोलू नये. काही म्हणायचं असेल तर समितीमार्फत म्हणावं. आण्णांनी उभ्यानं वाचलं. चहावर साय धरली. "मला," ते म्हणाले, "सुभेदाराला, लिवायची बंदी?" मग माझ्याकडं बघितलं. "तुला ठावं व्हतं?" मी होकारार्थी मान हलवली. समितीत मी या वेळी बसले नव्हते हे मी सांगितलं, पण ते त्यांनी ऐकलं असेल असं वाटत नाही.

"आरं, पन शिवी कुठाय ह्यात?" त्यांचा आवाज चढला. "मेंढरं राखनं काय पाप हाय? ह्या वैजूला मी जल्मल्यापास्नं म्हनतोय, जा म्हशी वळ. तिनं कवा तक्रार क्येली? आं? ह्या घरात कुनी कवा तक्रार क्येली?"

आई चुलीपुढं होती. तव्यावरची भाकरी तिनं उलटली, हात पदराला पुसले आणि वळली. आवाज अगदी साधा, दूधवाल्याशी बोलावं तसा. "आवं, म्हशी म्याच वळती न्हवं?" ती म्हणाली. "रोजच्याला. पोरीला काय येईना झालं की तुमी तिला सांगनार, जा, आईचं काम कर. मी हितंच असायची, भाकऱ्या थापत. मला कुठं कुनी समिती दिली तक्रार कराय?"

हायवेवरून एक लांबलचक ट्रक गेला. मला आठवतं, मी आईकडं बघू शकले नाही, म्हणून तव्याकडं बघत राहिले, आणि भाकरी काळी झालेली मला दिसत असूनही ती काढावी हे सुचलं नाही. आज माझ्या गुडघ्यांनी बंड केलंय आणि माझीच मुलं मला कुठं काय बोलावं ते शिकवतात, पण त्या सकाळइतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही. माझी एकटीची नव्हे, सगळ्या घराची लाज.

दुसऱ्या दिवशी आण्णा आंघोळ करून इस्त्रीची पँट, पांढरा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालून बाहेर आले. हातात पिशवी, पिशवीत गुळाची ढेप. "आटपाडीला जातो," म्हणाले. "आपल्यात चुकी झाली तर मानूस दारात जातो. च्या पितो. मिटतंय." यात खोटं काही नव्हतं. आमच्याकडची भांडणं अशीच मिटतात. थोरल्यानं धाकट्याच्या दारात जाणं याहून मोठी माफी आम्हाला माहीत नाही. पण मी उंबऱ्यात आडवी आले. "आण्णा, परस्पर जायचं नाही असं लिहिलंय." "ते कागदावर झालं गं. मी तोंडानं बोलनार हाय."

"आन् त्यानं काय करायचं?" आतून आई म्हणाली. ती धारेची बादली घेऊन येत होती. "बापाच्या वयाचा मानूस कडक कापडं घालून, ढेप घिऊन दारात हुबा. त्यो बसा म्हननार, त्येची आई च्या टाकनार. त्येला न्हाई म्हनायचं असंल तर कुठं म्हनावं त्यानं? तुमी माफी मागाय न्हाई निगाला. वसूल कराय निगालाय."

आण्णांनी पिशवी खाली ठेवली. फौजेत याला काय म्हणतात मला माहीत नाही, पण माघार ती माघार. ढेप परत फडताळात गेली. ते तसेच कडक कपड्यांत अंगणात उभे राहिले, कारण निघायची सगळी तयारी झाली होती आणि जायला जागा नव्हती. आई दुपारची वाट न बघता गोठ्यात गेली, चिमणीला सोडून बाहेर घेऊन आली आणि काठी त्यांच्या हातात दिली. "कापडं घातलीच हायती तर हिला वड्यावर न्या. माजं पाय दुखत्यात."

त्या दिवशीचा सोहळा अख्ख्या उंब्रजनं पाहिला. पुढं चिमणी, मागं पॉलिशचे बूट. आण्णांनी आयुष्यभर माणसं चालवली होती, तेव्हा म्हैस चालवणं ही काय गोष्ट, असा त्यांचा समज होता. बांधावर त्यांनी 'थम!' म्हटलं, चिमणी थांबली नाही. 'पीछे मुड!' म्हटलं, ती दुसऱ्याच्या उसात शिरली. ऊसवाला आरडत आला, तर समोर सुभेदारसाहेब, मग त्याला हसावं की भांडावं ते कळेना. ओढ्यात ती गळ्यापर्यंत पाण्यात बसली आणि आण्णा काठावरून आधी हुकूम, मग विनवण्या, मग ठेवणीतल्या शिव्या, असं सगळं वापरून मोकळे झाले. चिमणीनं कान हलवला तेवढाच. ऊन उतरल्यावर ती स्वतःच्या मर्जीनं उठली. घरी आल्यावर आण्णा बुटांतलं पाणी काढत म्हणाले, "तिला समदं कळतंय. मुद्दाम करती." आई म्हणाली, "व्हय. ह्या घरात लय वरीस हाय ती."

वाटलं होतं एका दिवसाची हौस. पण आण्णा रोज जाऊ लागले. बूट गेले, चपला आल्या. पँट गेली, धोतर आलं. आल्यावर हातपाय धुऊन ते माझ्याशेजारी बसायचे, सगळं वाचायचे, चुका दिसायच्या, आणि लिहिता येत नाही म्हणून मांडीवर बोटं आपटायचे. बिरू परत आला होता. दोन मोटारींची चूक त्यानं दुरुस्त केली होती, आणि ती वाचताना आण्णा पुटपुटले, "वा." ते 'वा' त्यांना कुठंही लिहिता आलं नाही. ही शिक्षा बंदीहून जड होती असं मला वाटतं.

माफीनामा त्यांनी कितीदा लिहिला देव जाणे. पहिला फौजी अहवालासारखा होता, त्यात हवामानसुद्धा होतं. दुसऱ्यात त्यांचा हेतू कसा चांगला होता ते दोन पानं होतं. आईनं तो ऐकला आणि म्हणाली, "ह्यात बिरू कुठाय? समदं तुमीच हायसा." अखेरीस समितीकडं गेला तो एवढाच: 'बिरूदेव यांस. मी लिहिलं ते वाईट होतं. तुमचं घर मला माहीत नव्हतं ही सबब नाही, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. सध्या मी चिमणी नावाची म्हैस वळतो. मला जमत नाही. उत्तर नाही दिलं तरी चालेल.' शेवटचं वाक्य आईनं घालायला लावलं. उत्तर आलं नाही. आण्णा रोज विचारायचे नाहीत, पण माझा फोन वाजला की त्यांची मान वळायची.

त्याच दिवसांत मी नियमावलीत एक कलम घातलं. कुणाच्या कामाचं नाव शिवी म्हणून वापरू नका. ते काम कुणीतरी करत असतं, आणि बहुतेक वेळा तिथंच बसून ऐकत असतं. इंग्रिडबाईंना ते फार आवडलं. त्यांनी विचारलं, हे कुठल्या प्रकल्पातून घेतलंत? मी लिहिलं, आमच्या स्वयंपाकघरातून. पुढं ते कलम आणखी कुणीकुणी उचललं. उघड्या गोष्टींचं असंच असतं, त्यांना गाव राहत नाही.

तीन महिने संपले आणि आण्णा परत लिहू लागले, पण ते आण्णा नव्हतेच. सरसकट सर्वांना 'आपण'. 'आपले काम पाहिले. आपण अवश्य विचार करावा.' कुपवाडच्या त्या पोरानं मला गुपचूप विचारलं, आण्णांची तब्येत बरी आहे ना? चुका ते अजूनही अचूक धरायचे, पण वाचताना त्यांचा आवाज कानात येईनासा झाला होता. मला वाटलं, माणूस वाचला, पण अर्धाच.

मग आण्णांनी स्वतः एक बदल लिहिला. टाकी भरत आली की मोटर बंद व्हावी असा. तपासायला तो बिरूनं आपणहून घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी आण्णा चिमणीला घेऊन जायच्या तयारीत होते तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग ओरडले, "अगं ए, हिकडं ये! वैजू! ऐका!" आई हात पुसत आली. आण्णांनी खाकरून वाचलं. 'आवं आण्णा, टाकी भरून रान भिजलं तरी तुमची मोटर बंद व्हत न्हाई. तुमच्या चिमणीनं बी ह्यापेक्षा बरं लिवलं असतं. दुरुस्त करून पाठवा. आन् आनखी एक. म्हस पान्यात बसली की वरडायचं न्हाई. पाठ फिरवून गप घरला निघायचं. येती मागनं.'

आण्णांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यांच्या बढतीच्या दिवसाच्या फोटोतसुद्धा पाहिलेलं नाही. काठी घेऊन ते गेले. संध्याकाळी मी अंगणात होते. हायवेच्या बाजूच्या वाटेनं आण्णा येताना दिसले, हात पाठीमागं बांधून, मागं न बघता, आणि मान अशी ताठ की मागं बघायचा मोह आवरलाय हे लांबूनही कळत होतं. त्यांच्या मागं, पाणी निथळत, चिमणी.

"आली!" आण्णा दारातूनच म्हणाले. "पाठ फिरवली आन् आली! आटपाडीच्या पोरानं सांगितलं म्हनून, न्हाईतर आपल्याला कोन सांगनार व्हतं?"

"मी सांगितलं असतं की," आई म्हणाली. "रोज तशीच आनत व्हते तिला."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुमी कवा इचारलंत?"

आण्णा रांजणापाशी थांबले. तांब्या हातात तसाच. मग त्यांनी तो खाली ठेवला, खाट अंगणाच्या मधे ओढली आणि म्हणाले, "आता इचारतो. बस हितं." आईनं चुलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि बसली. ती काय काय सांगत होती ते मला नीट ऐकू आलं नाही, ट्रक जात होते. आण्णा मधे एकदाही बोलत नव्हते एवढं दिसत होतं.

त्या संध्याकाळच्या भाकऱ्या मी केल्या. एक जाड, एक करपलेली, एकीला भोक. आण्णांनी पहिला घास चावला, बराच वेळ चावला, मान हलवली आणि म्हणाले, "वैजू, तुला काय ह्ये जमायचं न्हाई. जा..." आणि आईकडं बघून थांबले.

आई वाट बघत होती.

"...जा, पानी आन," आण्णा म्हणाले.